आयर्लंडमधल्या कॅथलिक प्राथमिक शाळेत पहिलं वर्ष : नव्याने आलेल्या मराठी आईबाबांसाठी

मुलगी ज्युनियर इन्फंट्समध्ये, म्हणजे इथल्या प्राथमिक शाळेच्या अगदी पहिल्या वर्गात होती तेव्हाची गोष्ट. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी ती कपाळावर राखेचा ठिपका घेऊन घरी आली, आणि नेमका तेव्हाच नाशिकहून आईचा व्हिडिओ कॉल चालू होता. "हा कुठला अंगारा गं?" आईने विचारलं. मला काही सांगता येईना. नंतर शाळेचं ॲप उघडलं तर आठ दिवसांपूर्वीच सूचना येऊन पडली होती : ॲश वेन्सडेला फादर शाळेत येणार आहेत, ज्यांना राख लावून घ्यायची नसेल त्यांनी वर्गशिक्षिकेला कळवावं. एवढंच.

आपल्याकडे बोलावणं म्हणजे आग्रह. पत्रिका द्यायला माणूस घरी येतो, आदल्या दिवशी फोन करतो, "यायचं हं नक्की" असं तीनदा म्हणतो. इथे सूचना एकदा येते. ती वाचली नाही तर कोणी विचारायला येत नाही, आणि आपण मात्र वर्षभर समजत राहतो की आपल्याला कोणी बोलावतच नाही. मी पहिलं वर्ष तसंच काढलं. डब्लिनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो आम्ही, दोन मुलं, घरात देव्हारा, दीड दिवसाचा गणपती. मुलं मात्र पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या भागाच्या) कॅथलिक शाळेत जातात. दरवर्षी नवी मराठी कुटुंबं तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

## १. आधी ही शाळा कोणाची ते समजून घ्या

आयर्लंडमधल्या दर दहा प्राथमिक शाळांपैकी जवळपास नऊ शाळांचा पॅट्रन, म्हणजे शाळेचा आश्रयदाता, कॅथलिक आहे, बहुधा त्या भागाचे बिशप. शिक्षकांचा पगार सरकार देतं, अभ्यासक्रम सरकारी, फी नाही. पण शाळेचं वळण, म्हणजे इथल्या भाषेत 'एथॉस', चर्चचं. बऱ्याच ठिकाणी शाळा आणि चर्च एकमेकांना लागून असतात.

आपल्या डोक्यातलं 'कॉन्व्हेंट' इथे उपयोगाचं नाही. पालकांच्या मुलाखती नाहीत, डोनेशन नाही, नंबर काढणं नाही. नन्स शिकवताना दिसण्याचे दिवसही गेले, आमच्या मुख्याध्यापिकेला स्वतःची तीन मुलं आहेत. आणि 'कॅथलिक आहे म्हणजे शाळा भारी असणार' हा आपल्याकडचा हिशेबही सोडून द्या. ही गावातली साधी शाळा आहे, झेडपीच्या चांगल्या शाळेसारखी, जिथे शेजारपाजारची सगळी पोरं जातात.

दुसरे पर्यायही आहेत. एज्युकेट टुगेदर नावाच्या, कुठल्याही एका धर्माच्या नसलेल्या शाळा आहेत (पहिली १९७८ मध्ये डॉल्कीला सुरू झाली), शिवाय कम्युनिटी नॅशनल स्कूल आहेत. जवळ असतील तर जरूर अर्ज करा. आमच्या घरापासून पॅरिशची शाळा चालत सात मिनिटं होती आणि मला तेव्हा गाडी येत नव्हती, त्यामुळे आमचा निर्णय पायांनीच घेतला.

## २. प्रवेश : कागद कमी, तारखा कडक

पहिल्याच आठवड्यात एका जुन्या परिचितांनी मला सल्ला दिला होता, "बाप्तिस्म्याचा दाखला नसेल तर कॅथलिक शाळेत घेत नाहीत." एके काळी गर्दीच्या शाळा खरंच बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी घेत असत. २०१८ च्या प्रवेश कायद्याने ते बंद झालं. आता जागा कमी असल्या तरी कॅथलिक प्राथमिक शाळा धर्म पाहून क्रम लावू शकत नाही. सहसा पाहिलं जातं ते म्हणजे भावंडं शाळेत आहेत का, घर शाळेच्या हद्दीत आहे का, वय किती. 'मूल जन्मलं की लगेच नाव घालून ठेवा' हा सल्लाही आता जुना झालाय. आधी येणाऱ्याला आधी जागा देणाऱ्या प्रतीक्षायाद्या जानेवारी २०२५ नंतर चालत नाहीत.

पुढच्या सप्टेंबरसाठीचे अर्ज आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरच्या आधी घेता येत नाहीत. प्रत्येक शाळा आपल्या वेबसाइटवर प्रवेशाची सूचना लावते, त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. ती कॅलेंडरमध्ये घाला. एकाच शाळेवर अवलंबून राहू नका, तीन-चार ठिकाणी अर्ज करा. अर्जाला पैसे लागत नाहीत.

लागणारे कागद :

- मुलाचा जन्मदाखला. नुसताच मराठीत असेल तर अधिकृत इंग्रजी भाषांतर सोबत. भारतातून निघण्यापूर्वीच दोन्ही भाषांतला दाखला काढून आणा, इथून काढायला जीव जातो.
- पत्त्याचा पुरावा : वीजबिल, बँकेचं पत्र किंवा घरभाड्याचा करार. नाव आणि एअरकोड (इथला पिनकोड) अर्जाशी जुळायला हवा.
- मुलाचा पीपीएस क्रमांक (इथला सरकारी ओळखक्रमांक). तो मिळायला वेळ लागू शकतो, आल्याआल्या मागे लागा.
- मूल वरच्या वर्गात येणार असेल तर आधीच्या शाळेचा प्रगतिअहवाल.
- लसीकरणाचं पुस्तक. प्रवेशासाठी सक्तीचं नाही, पण शाळेत लस द्यायला आरोग्यखात्याची माणसं येतात तेव्हा फॉर्म भरताना हाताशी हवं.

इथे लोक जिथे फसतात ती जागा म्हणजे 'जागा मिळाली' असं पत्र आल्यावर. त्यात स्वीकार कळवायची मुदत असते, आणि ती चुकली की जागा दुसऱ्याला. आमच्या ओळखीचं एक कुटुंब डिसेंबरात भारतात गेलं, ईमेल पाहिली नाही, परत आल्यावर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

वर्षाच्या मधेच आला असाल तर सरळ शाळांना फोन करायला लागा. पाच-सहा नकार मिळतील, वाईट वाटून घेऊ नका. कुठेच जागा नसेल तर टुस्ला या सरकारी संस्थेचा शिक्षणविभाग मदत करतो.

वयाबद्दल माझं मत सांगते. चार वर्षं पूर्ण झाली की मूल ज्युनियर इन्फंट्सला जाऊ शकतं, पण शाळा सक्तीची होते ती सहा पूर्ण झाल्यावर. आपल्याला घाई असते. इथली बरीच मुलं पाच पूर्ण होत आली की जातात, आणि आधीची दोन वर्षं प्रीस्कूलचे काही तास सरकार मोफत देतं. मूल उन्हाळ्यातलं असेल तर थांबा. मुलीला आम्ही घाईने पाठवलं, मुलाला थांबवलं. आठ वर्षांच्या या शाळेत फरक दिसतो.

## ३. धर्माच्या तासाचं काय करायचं ते ठरवा, आणि लेखी द्या

इथल्या राज्यघटनेतच लिहिलंय की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत मुलाला धर्मशिक्षणाला न बसण्याचा हक्क आहे. न बसणाऱ्या मुलांची सोय काय, हेही शाळेला आपल्या प्रवेश-धोरणात लिहावं लागतं. ते पान वाचाच.

पण हक्क कागदावर कसा आणि वर्गात कसा, यात अंतर आहे. धर्माचा तास साधारण रोज अर्धा तास. तेवढ्यापुरती वेगळी खोली, वेगळी शिक्षिका बहुतेक शाळांकडे नसते. त्यामुळे 'ऑप्ट आउट' केलेलं मूल त्याच वर्गात मागच्या बाकावर चित्रं रंगवत बसतं आणि सगळं ऐकतच असतं. सकाळची प्रार्थना, डबा खायच्या आधीची प्रार्थना, या त्या अर्ध्या तासात धरलेल्याही नसतात.

माझ्या पाहण्यात भारतीय कुटुंबं तीन प्रकारची. काही पूर्ण सामील होतात (केरळची आणि गोव्याची कॅथलिक कुटुंबं तर इथल्या चर्चचा कणा झाली आहेत). काही पूर्ण बाहेर पडतात. आणि बरीच जण मधला रस्ता घेतात : तास बसू दे, गाणी म्हणू दे, गोष्टी ऐकू दे, पण कन्फेशन (फादरपुढे चुका कबूल करणं), कम्युनियन (चर्चमधली पवित्र भाकर घेणं), राख हे विधी नकोत. आम्ही मधल्या रस्त्याचे. तिन्ही चालतं. फक्त न सांगता गृहीत धरलेलं चालत नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षिकेला एक छोटी ईमेल टाका. तुमचा धर्म कोणता, मूल कशात बसेल, कशात बसणार नाही, आणि त्या वेळात ते काय करणार यासाठी तुम्ही काय पाठवाल (गोष्टीचं पुस्तक, चित्रकलेची वही), एवढं पुरे. शिक्षिका दरवर्षी बदलते, त्यामुळे ईमेलही दरवर्षी. लांबलचक खुलासा, माफी यांची काही गरज नाही, इथे कोणाला त्याचा राग येत नाही.

आमच्या मुलाने एकदा देव्हाऱ्यासमोर आधी क्रॉसची खूण केली आणि मग हात जोडले. सासूबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. एवढं होणारच.

## ४. पहिला दिवस उजाडण्याआधी

गणवेश म्हणजे शाळेचं बोधचिन्ह असलेला स्वेटर आणि साधी पँट किंवा स्कर्ट. बोधचिन्हाची वस्तू ठरलेल्या दुकानात, बाकी सगळं सुपरमार्केटमध्ये स्वस्त मिळतं. प्रत्येक कपड्याला नावाचं लेबल लावा. वर्षाच्या शेवटी हरवलेल्या स्वेटरांचा जो ढीग साठतो तो पाहिल्यावर लेबलांवर खर्च केलेले पैसे सार्थकी लागले असं वाटतं. बूट वेल्क्रोचे घ्या. रेनकोट छत्रीपेक्षा महत्त्वाचा, छत्री शाळेत कोणी नेत नाही.

डब्याचे नियम नीट वाचा. बहुतेक शाळांत सुकामेवा आणि शेंगदाणे यांना बंदी असते, कारण एखाद्या मुलाला जीवघेणी ॲलर्जी असू शकते. आपल्या स्वयंपाकात दाणे कुठे कुठे असतात ते तेव्हा कळतं : साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट, भरल्या वांग्यात कूट, पोळीला लावलेली चटणी. मी पहिल्या महिन्यात काकडीची कोशिंबीर दिली होती. कूट घातलेली. फोन आला, आवाज अतिशय गोड होता, पण फोन आला. आता बऱ्याच शाळांत सरकारी योजनेतून गरम जेवण मोफत मिळतं. ते आठवडाभर आधी निवडावं लागतं, शाकाहारी पर्याय असतात, आणि निवडलं नाही तर जे येईल ते.

वेळेचं गणित नोकरी करणाऱ्या दोघांनी आत्ताच मांडा. ज्युनियर आणि सीनियर इन्फंट्सचा दिवस ४ तास ४० मिनिटांचा, त्यापुढच्या वर्गांचा ५ तास ४० मिनिटांचा. पहिले एक-दोन आठवडे तर लहानग्यांना बाराच्या सुमारासच सोडतात. आफ्टरस्कूलच्या जागा शाळेच्या जागांपेक्षा आधी संपतात. शाळेचा अर्ज केला त्याच दिवशी तिथेही नाव घाला.

पुस्तकं २०२३ पासून प्राथमिक शाळांत मोफत. तरी 'व्हॉलंटरी काँट्रिब्यूशन' नावाची एक रक्कम मागणारं पत्र येईल. नावातच सांगितलंय की ऐच्छिक आहे. जमलं तर द्या, नाही जमलं तर मुलाच्या वाट्याला त्यामुळे काही कमी येता कामा नये. मी पहिल्या वर्षी ती फी समजून उसनवारी करून भरली होती.

आणि एक वाक्य मुलाला आधीच पाठ करून द्या : 'अन विल क्यॅद अगम दल ग जी अन लेहरस?' आयरिशमध्ये 'मी टॉयलेटला जाऊ का?' शाळेत आयरिश पहिल्या दिवसापासून असते आणि कित्येक वर्गांत हे आयरिशमध्येच विचारावं लागतं. सगळं आयरिश विसरलेल्या मोठ्या माणसांनाही हे वाक्य येतं. पार्टीत म्हणून बघा.

## ५. वर्षाचं वेळापत्रक फ्रीजवर लावा

शाळा वर्षाच्या सुरुवातीला सुट्ट्यांची यादी देते. ती अर्धीच यादी समजा. बाकीची माझ्याकडून घ्या.

सप्टेंबर-ऑक्टोबर. नव्या वर्षाची प्रार्थना, पालकसंघाची सभा. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, काही वर्गांत रोज थोडी जपमाळ म्हणतात. महिनाअखेर हॅलोवीनची आठवडाभर सुट्टी. हा सण अमेरिकेतून आलेला नाही, इथल्याच साविन नावाच्या जुन्या सणातून निघालाय, आणि हे इथली मंडळी अभिमानाने सांगतात. सुट्टी लागायच्या दिवशी मुलं सोंगं घेऊन शाळेत जातात. महागडा पोशाख नको, जुनी चादर पुरते.

नोव्हेंबर. मृतांचा महिना. घरातल्या वारलेल्या माणसांची नावं लिहून पाठवा, अशी चिठ्ठी येते. ती नावं वर्गात किंवा चर्चमध्ये ठेवतात आणि महिनाभर त्यांच्यासाठी प्रार्थना होते. ही चिठ्ठी आली तेव्हा मला पहिल्यांदा या शाळेत परकं वाटलं नाही. आमच्याकडे पितृपक्ष नुकताच होऊन गेलेला. मुलीने कागदी पानावर पणजीचं नाव देवनागरीत लिहिलं आणि ते वर्गातल्या झाडावर टांगलं गेलं. याच महिन्यात बहुधा पालक-शिक्षक भेट होते : दहा मिनिटं, घड्याळ लावून. प्रश्न लिहून न्या. 'नंबर कितवा' विचारू नका, नंबर नसतो.

डिसेंबर. चार मेणबत्त्यांचं ॲडव्हेंट रीथ, दर आठवड्याला एक पेटते, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. मग येशूजन्माचं नाटक. लहान वर्गाला मेंढ्या, देवदूत आणि धनगर व्हावं लागतं. धनगराच्या डोक्याला भांडी पुसायचा टॉवेल बांधतात, हे ऐकून दुकानात काही शोधायला जाऊ नका. नाटकाची तिकिटं मर्यादित असतात आणि ॲपवर तासाभरात संपतात. व्हिडिओ काढायची परवानगी आधी विचारा. काढला तरी इतरांची मुलं दिसतील असा कुठेही टाकू नका, त्यावरून फार कडू भांडणं होतात. ख्रिसमस जंपर डेला बटबटीत स्वेटर घालतात, एक युरो देतात.

जानेवारी-फेब्रुवारी. जानेवारीच्या अखेरीस कॅथलिक स्कूल्स वीक, त्यात एक दिवस आजीआजोबांचा. आमचे आजीआजोबा साडेसात हजार किलोमीटरवर. मुलगा रडवेला झाला होता, म्हणून शेजारच्या आजींना भीत भीत विचारलं. त्या दोन नातवंडांच्या शाळा सांभाळून तिसऱ्या दिवशी आमच्यासाठी आल्या, आणि आता दरवर्षी येतात. विचारायला लाजू नका.

१ फेब्रुवारीला सेंट ब्रिजिड. मुलं लव्हाळ्याचा क्रॉस विणतात. आपल्याकडे महापुरातही टिकतं म्हणतात तेच लव्हाळं. घरून आणायला सांगतात, ओल्या शेताकडेला मिळतं, नाही मिळालं तर पाइप क्लीनर चालतात. २०२३ पासून या सणाची सार्वजनिक सुट्टीही मिळते, बहुतेक वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा व्रताचा काळ. आदल्या मंगळवारी पॅनकेक, बुधवारी राख. मग ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस. त्रोकरा या संस्थेचा घडी घालायचा पुठ्ठ्याचा डबा घरी येतो. ही आयरिश बिशपांनी १९७३ मध्ये काढलेली मदतसंस्था आहे. डब्यात चिल्लर टाकायची आणि ईस्टरला परत द्यायचा. मुलं 'मी लेंटमध्ये चॉकलेट सोडलं' असं एकमेकांना सांगतात. आमच्या मुलीने हे चातुर्मासात वांगं सोडण्यासारखं आहे हे आजीला समजावून दिलं. आजीला ते राखेपेक्षा लवकर पटलं.

मार्च. १ ते १७ आयरिश भाषेचा उत्सव, शाख्तन ना गेल्ग. पहिल्या गुरुवारी वर्ल्ड बुक डे, पुस्तकातल्या पात्राचा पोशाख. शिवाजी महाराजांच्या वेशात गेलेला एक मुलगा आमच्या शाळेत अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. १७ तारखेला सेंट पॅट्रिक्स डे, शाळा गावातल्या मिरवणुकीत चालते. हिरवं काहीतरी आणि आत थर्मल. मिरवणुकीत पाऊस असतोच.

मे-जून. मे हा मेरीचा महिना, वर्गात छोटी वेदी मांडतात, मुलं बागेतली फुलं नेतात. जूनमध्ये स्पोर्ट्स डे, सहल, सहावीचा निरोप. सनक्रीम आणि रेनकोट दोन्ही. जूनअखेर शाळा बंद होते ती सप्टेंबरच्या तोंडावर उघडते.

## ६. सेकंड क्लासचं वर्ष : याची तयारी एक वर्ष आधी करा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. सेकंड क्लासमध्ये, म्हणजे सात-आठ वर्षांच्या वयात, कॅथलिक मुलांचं पहिलं कन्फेशन आणि मग मे महिन्यात, बहुधा शनिवारी, फर्स्ट होली कम्युनियन असतं. जानेवारीपासून वर्गात त्याचंच वारं असतं. गाणी बसवणं, चर्चमध्ये तालीम, कोण काय वाचणार. मुलींचे पांढरे पोशाख, मुलांचे सूट. घरी मेजवानी, अंगणात हवा भरलेला बाउन्सी कॅसल, पाहुण्यांकडून पाकिटं. सोमवारी शाळेत विषय एकच : कोणाला किती युरो मिळाले. मुंज आणि वाढदिवस एकत्र केल्यासारखं समजा. या थाटाबद्दल आयरिश लोक स्वतःच कुरकुरतात आणि स्वतःच तो करतात. आपण मुंजीबद्दल वेगळं काय करतो?

तुमचं मूल त्यात नसेल तर हे करा :

फर्स्ट क्लासच्या उन्हाळ्यातच मुलाला सांगा की हा विधी चर्चच्या कुटुंबातल्या मुलांचा आहे, आपला नाही, आणि आपले आपले विधी आहेत. मे महिन्यात सांगितलंत तर उशीर झाला. मी उशीर केला होता. "मला पांढरा ड्रेस कधी?" हा प्रश्न मला कपड्यांच्या दुकानात, भर गर्दीत विचारला गेला.

सप्टेंबरमध्ये शिक्षिकेला विचारा : तालमीच्या तासांना माझं मूल कुठे असेल? उत्तर तयार नसेल तर तुमच्या विचारण्याने तयार होईल. काही शाळा अशा मुलांना दुसऱ्या वर्गात बसवतात, काही सोबत चर्चमध्ये नेतात. आमच्या शिक्षिकेने विचारलं, "गाण्यात घेऊ का?" मुलगी दिवसभरासाठी गायकवृंदात होती, हिरव्या फ्रॉकमध्ये, आणि खूश होती. तुम्हाला हे नको असेल तर तसंही स्पष्ट सांगा.

तुमचं मूल कॅथलिक असेल आणि विधीत बसणार असेल तर बाप्तिस्म्याचा दाखला लागेल. वसईहून, गोव्याहून, मुंबईच्या पॅरिशमधून तो आधीच मागवा. बऱ्याच पॅरिशमध्ये आता नावनोंदणी शाळेकडे नसून चर्चच्या ऑफिसकडे असते, आणि त्याची मुदत शरद ऋतूतच संपते. शाळा सगळं बघेल असं धरून बसू नका.

चर्चमध्ये कसं वागायचं, हेही कोणी सांगत नाही. मागे बसा, लोक उभे राहिले की उभे राहा, गुडघे टेकायची गरज नाही. आणि प्रसादासारखी रांग लागली की त्या रांगेत जाऊ नका. पवित्र भाकर फक्त कॅथलिकांसाठी असते. आमचे हे पहिल्या वर्षी भक्तिभावाने अर्ध्या रांगेपर्यंत पोचले होते, मी कोटाला धरून मागे ओढलं. जागेवर बसून राहिलं तर कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. रांगेत सापडलातच तर दोन्ही हात छातीवर आडवे धरा, फादर नुसता आशीर्वाद देतात.

वर्गमित्राच्या घरी दुपारी बोलावलं तर कार्ड आणि त्यात एखादी नोट. मी वीस युरो घालते. सोबत नारळीपाकाच्या वड्या नेल्या होत्या, त्या आधी संपल्या.

सहावीत कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करण्याचा विधी असतो, बिशप किंवा त्यांचे प्रतिनिधी येतात. तोवर तुम्ही आणि मूल दोघेही तयार झालेले असता.

## ७. केक सेल आणि इर्जिक

आयरिशमध्ये एक शब्द आहे, मेहल. पूर्वी कापणीला सगळं गाव एकेकाच्या शेतावर राबायचं, त्याला हा शब्द. आपली इर्जिकच. शाळेचं सामुदायिक जगणं अजून त्याच तत्त्वावर चालतं : बाग साफ करणं, सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीचा देखावा रंगवणं, स्पोर्ट्स डेला पाणी वाटणं. फरक एवढाच की तुमच्या दाराशी येऊन कोणी हाळी देत नाही. ॲपवर 'मदतनीस हवेत' असं येतं, आणि जे नाव लिहितात त्यांची पुढच्या वर्षी आठवण ठेवली जाते. शाळेच्या फाटकाशी दोन वर्षं 'हॅलो, पाऊस काय म्हणतो' यापुढे न गेलेल्या बायका एका शनिवारी माती उकरताना माझ्याशी तासभर बोलल्या.

केक सेल सगळ्यात सोपी सुरुवात. घरी केलेलं किंवा विकत आणलेलं काहीही चालतं. नानकटाई करा, पिस्ते-बदाम न लावता. घटक लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, त्यात दूध, गहू, अंडं आहे की नाही ते लिहा. एक-एक युरोला विकता येईल अशा आकाराचं करा. मी पहिल्यांदा काजूकतली नेली आणि तशीच परत आणली.

नेमाने मदत करायची असेल, खेळ शिकवायचा असेल तर गार्डा व्हेटिंग लागतं, म्हणजे पोलीस-पडताळणी. त्यात आधीचे सगळे पत्ते लिहावे लागतात. भारतातली भाड्याची घरं आठवून एक यादी करून ठेवा.

पालकसंघात कोणीही जाऊ शकतं. त्याच्या वर व्यवस्थापन मंडळ असतं, आठ जणांचं, त्यातले दोन पालकांनी निवडलेले, एक आई, एक बाबा. सध्याच्या मंडळांची मुदत २०२३ ते २०२७. म्हणजे २०२७ च्या शरदात पुन्हा निवडणूक. कॅथलिक नसलेले पालकही उभे राहतात, फक्त शाळेचं वळण सांभाळण्याची जबाबदारी मान्य करावी लागते. आपल्यातलं कोणीतरी उभं राहावं असं मला फार वाटतं.

## ८. नावं, वाढदिवस, व्हॉट्सॲप

यादीतली नावं वाचून घाबरू नका. स्पेलिंगमध्ये बी-एच किंवा एम-एच दिसलं की बहुतेकदा 'व' म्हणा. त्यामुळे जिच्या नावाच्या शेवटी एम-एच आहे ती नीव, आणि शिवॉनमध्ये 'बी' ऐकू येत नाही. चुकलात तर विचारा, लोक आनंदाने सांगतात. तेही तुमच्या 'ज्ञ'ची वाट लावणारच आहेत. शिक्षिकेला 'मॅडम' म्हणत नाहीत, आडनावाने किंवा 'मूंचोर' म्हणतात, म्हणजे शिक्षक.

वाढदिवसाच्या आमंत्रणाला हो-नाही कळवणं इथे फार मानतात. 'बघू, येऊ' हे उत्तर नाही. पार्टी दोन तासांची, निमंत्रणात संपायची वेळ लिहिलेली असते आणि ती खरी असते. भावंडं बोलावलेली नसतात, विचारल्याशिवाय नेऊ नका.

वर्गाचा व्हॉट्सॲप गट गृहपाठ आणि हरवलेल्या स्वेटरांपुरता ठीक. शिक्षिकेबद्दलची तक्रार तिथे कधीही लिहू नका. आधी वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापक, मग मंडळ, हा क्रम पाळतात. गटावरच्या अफवेपेक्षा शाळेचं ॲप खरं.

## ९. आपलं काही शाळेत न्यायचं असेल तर

दिवाळी कधी हॅलोवीनच्या सुट्टीत अडकते, कधी तिच्या अलीकडे-पलीकडे येते. सप्टेंबरमध्येच तारीख पाहून शिक्षिकेला विचारा. तुम्ही विचारलं नाहीत तर तेही विचारणार नाहीत. तुमचं मन दुखवू नये म्हणूनच गप्प बसतात. वीस मिनिटं मागा, तासभर नको. लहान वर्गाला गोष्ट आणि हाताने करायचं काहीतरी आवडतं. मातीच्या कोऱ्या पणत्या रंगवायला दिल्यात तर वर्ग शांत बसतो. पेटवायच्या नाहीत, आगीचे नियम आहेत, आत बॅटरीचा दिवा ठेवा. रांगोळी खडूने पटांगणावर काढा, रंगीत पूड वाऱ्याने उडते आणि साफ करायला शाळेचा केअरटेकर येतो. त्याच्याशी आधीच ओळख करून घ्या, शाळेतला सगळ्यात उपयोगी माणूस तो. फराळातलं काही द्यायचं असेल तर आधी घटकांची यादी पाठवा. आमच्याकडे दरवर्षी चकली पास होते, चिवडा दाण्यांमुळे अडतो. आता मी एक घाणा बिनदाण्यांचा काढते, आणि त्यातला अर्धा शिक्षकांच्या खोलीत जातो.